नांदण्याचा हक्क

(पिंप्राळा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या अभ्यासवर्गासाठी मी जो विषय सुचविला तो ऐकून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले आणि एकदोघांनी ते बोलूनही दाखविले. कापसाच्या भावाचा, केळीच्या पीकविम्याचा, शहराच्या पाण्याचा प्रश्न समोर उभा असताना युरोपातील नागरिकांच्या परदेशी बायकांना आणि नवऱ्यांना राहण्याचा व काम करण्याचा हक्क आहे की नाही, याची चर्चा पिंप्राळ्यात बसून कशासाठी करावयाची? आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर मी तत्त्वचर्चेने न देता एका प्रसंगाने देतो.

मागच्या महिन्यात एक गृहस्थ माझ्याकडे आले. भुसावळला रेल्वेच्या नोकरीत हयात घालविलेले, युनियनच्या प्रत्येक संपात उभे राहिलेले. त्यांना आपण नाना म्हणू. त्यांच्या हातात कागदांची एक पिशवी होती. त्यांची मुलगी अभियांत्रिकी शिकलेली. तिचे लग्न इथेच झाले. जावई पुढे नेदरलँड्समध्ये नोकरीस गेले, तेथे त्यांनी नागरिकत्व घेतले आणि आता कामानिमित्त ती दोघे जर्मनीतील एका शहरात राहतात. मुलीचे पारपत्र अर्थातच भारतीय. तिला एका कारखान्यात नोकरी देऊ केली गेली; पण मालकाने सांगितले, “आधी वास्तव्याचे कार्ड दाखवा.” कार्डाचा अर्ज कचेरीत पडून आहे. नाना मला म्हणाले, “मन्ही पोर तठे नुसती बठी शे, भाऊ. हाताले काम शे, कागद नही.”

हाताला काम आहे, कागद नाही! हे वाक्य मी या गावात किती वेळा ऐकले असेल? रेशनकार्डासाठी, जातीच्या दाखल्यासाठी, सातबाऱ्यावरील नोंदीसाठी. म्हणून मला वाटले की हा प्रश्न जितका परका दिसतो तितका तो नाही.

आपल्या भाषेत एक शब्द आहे: नांदणे. मुलगी नांदावयास जाते, ती नांदते, किंवा तिला नांदविले जात नाही. या एका शब्दात राहणे, संसार करणे, घरात मान असणे या साऱ्या गोष्टी येतात. परंतु नांदण्याचा कायद्याशी संबंध आला की काय होते याचा महाराष्ट्राला जुना अनुभव आहे. १८८४ साली दादाजी भिकाजी यांनी मुंबईच्या उच्च न्यायालयात रखमाबाईंवर दावा लावला की, माझी पत्नी माझ्या घरी नांदावयास येत नाही, तिला तसा हुकूम व्हावा. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ साली तो दावा फेटाळला. पण अपिलानंतर खटला पुन्हा चालला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंग पत्करीन, असे त्या बाईने उत्तर दिले. १८८८ साली पैशांवर तडजोड झाली, रखमाबाई इंग्लंडला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. त्या दाव्याचे कलम मात्र गेले नाही. हिंदू विवाह कायद्याच्या ९व्या कलमात ते आजही आहे.

आता गंमत पाहा. ज्या इंग्रजी कायद्याच्या परंपरेने इथे स्त्रीला नको त्या माणसाबरोबर नांदावयास भाग पाडले, त्याच परंपरेने पुढे इंग्लंडच्या विमानतळावर, हव्या त्या माणसाबरोबर नांदू इच्छिणाऱ्यांस अडविले. राज्यसंस्थेला घराच्या उंबरठ्यावर बसण्याची फार हौस आहे. कोणी आत जावे आणि कोणी बाहेर थांबावे हे तिला ठरवावयाचे असते.

युरोपात या बाबतीत एक वेगळी वाट निघाली, ती कशी निघाली हे आपण समजून घेतले पाहिजे. कारण ती कोणाच्या दयाबुद्धीतून निघाली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर बेल्जियमच्या कोळसा खाणींना मजूर हवे होते आणि इटलीच्या दक्षिणेत बेकार माणसे होती. ही माणसे खाणीत उतरली. ८ ऑगस्ट १९५६ रोजी मार्सिनेल येथील खाणीत आग लागून २६२ कामगार मेले. त्यांपैकी १३६ इटालियन होते. दुसऱ्याच वर्षी, १९५७ साली, रोमचा करार झाला आणि कामगाराने एका देशातून दुसऱ्या देशात जाऊन काम करण्याचे स्वातंत्र्य त्यात लिहिले गेले. पण माणूस नुसते हात घेऊन येत नाही. त्याला बायको असते, लेकरे असतात, म्हातारी आई असते. कुटुंब मागे ठेवून आलेला मजूर टिकत नाही, हे भांडवलाला कळले आणि कुटुंबाशिवाय जगणे हे जगणेच नव्हे, हे कामगार संघटनांनी ठणकावून सांगितले. या दोन्हींच्या रेट्यातून १९६८ चा नियम आला. त्यात असे ठरले की, एका सदस्य देशाचा कामगार दुसऱ्या सदस्य देशात गेला तर त्याची पत्नी किंवा पती, कोणत्याही देशाचे नागरिक असोत, त्याच्याजवळ राहू शकतील आणि तेथे कामही करू शकतील. “कोणत्याही देशाचे” या शब्दांत आपल्या नानांची मुलगी बसते.

हे सारे पुढे २००४ सालच्या एका निर्देशात एकत्र आणले गेले. त्याचा क्रमांक २००४/३८. सदस्य देशांनी तो ३० एप्रिल २००६ पर्यंत आपापल्या कायद्यात उतरवावयाचा होता. त्यातील प्रत्येक कलम मी वाचून दाखविणार नाही. पण काही गोष्टी कार्यकर्त्याने लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. युरोपीय संघाचा नागरिक आपला देश सोडून संघातील दुसऱ्या देशात राहावयास गेला, तेथे नोकरी किंवा धंदा करीत असला, अथवा स्वतःच्या पैशावर व आरोग्यविम्यावर राहत असला, तर त्याच्या जोडीदाराला तेथे राहण्याचा हक्क आहे. त्याला व्हिसा लागला तरी तो विनामूल्य आणि त्वरेने दिला पाहिजे. वास्तव्याच्या कार्डाचा अर्ज केला की लगेच पोच द्यावयाची आणि सहा महिन्यांच्या आत कार्ड. पाच वर्षे सलग राहिले की कायम वास्तव्य. आणि २३वे कलम सांगते की अशा जोडीदाराला नोकरी करता येईल, स्वतःचा धंदाही करता येईल; त्यासाठी वेगळा परवाना नाही.

माझ्या मते त्या निर्देशातील सर्वांत मोलाचे कलम मात्र २५वे आहे, आणि त्याची चर्चा फार थोडी होते. ते म्हणते की, कोणताही हक्क बजावण्यासाठी हे कार्ड जवळ असण्याची अट कोणत्याही परिस्थितीत घालता येणार नाही. हक्काचा पुरावा दुसऱ्या कोणत्याही मार्गाने देता येईल. साथींनो, याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. कार्ड हक्क देत नाही; हक्क आधीच आहे, कार्ड त्याची खूण आहे. नानांच्या मुलीचा काम करण्याचा हक्क कचेरीतील त्या फाइलवर अवलंबून नाही. विवाहाचा दाखला, नवऱ्याचे डच पारपत्र आणि त्याच्या नोकरीचा करार, एवढ्यावर तो उभा आहे. मालकाला हे ठाऊक नव्हते. आणि कचेरीने ते आपण होऊन सांगितले नाही. कचेऱ्या असल्या गोष्टी आपण होऊन सांगत नाहीत, मग ती कचेरी ऱ्हाईन नदीकाठची असो की गिरणाकाठची.

आयर्लंडच्या सरकारने मध्यंतरी एक पाचर मारली होती. परदेशी जोडीदार आधी दुसऱ्या सदस्य देशात कायदेशीर राहत असला पाहिजे, तरच त्याला आमच्याकडे हा हक्क, असा तेथील नियम होता. चार जोडप्यांनी तो आव्हानित केला. २५ जुलै २००८ रोजी लक्झेंबर्गच्या न्यायालयाने मेटॉक प्रकरणात निकाल दिला की, लग्न केव्हा झाले, कोठे झाले आणि जोडीदार त्या देशात कसा आला, या गोष्टी गैरलागू आहेत. म्हणजे लग्न डब्लिनला लागो अथवा पिंप्राळ्याला रथाच्या मैदानाजवळच्या मांडवात लागो, फरक पडत नाही. पुढे ५ जून २०१८ रोजी रोमानियाच्या कोमन प्रकरणात याच न्यायालयाने असेही म्हटले की, ‘जोडीदार’ या शब्दात समलिंगी विवाहातील जोडीदारही येतो आणि ज्या देशात असा विवाह मान्य नाही त्यालाही निदान वास्तव्याचा हक्क नाकारता येणार नाही.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, युरोपने प्रश्न सोडविला. तसे मुळीच नाही. हा हक्क सीमा ओलांडणाऱ्याला आहे. जो आपल्याच देशात, आपल्याच गावी राहिला त्याला नाही! जर्मनीत राहणाऱ्या पोर्तुगीज माणसाने भारतीय बायको आणली तर तिला आगाऊ भाषेची परीक्षा नाही. पण जर्मन माणसाने भारतीय बायको आणावयाचे म्हटले तर २००७ पासून तिने सामान्यतः येण्यापूर्वीच जर्मन भाषेची प्राथमिक परीक्षा उत्तीर्ण झाली पाहिजे. अमेरिकन किंवा जपानी बायकोला ती अट नाही, हेही आपण टिपून ठेवावे. डेन्मार्कने २००२ साली नियम केला की, दोघांचीही वये २४ वर्षांची झाल्याशिवाय परदेशी जोडीदाराला घरी आणता येणार नाही. मग तरुण डॅनिश जोडपी काय करीत? कोपनहेगनहून पूल ओलांडून स्वीडनमधील माल्मो शहरात बिऱ्हाड थाटीत आणि कामाला रोज परत कोपनहेगनला येत. स्वतःच्या देशात नांदता येत नाही म्हणून शेजारच्या देशात जाऊन नांदावयाचे आणि तेही त्याच कायद्याच्या आधाराने, जो आपल्या सरकारने सही करून स्वीकारला आहे. कायद्याचा असा तमाशा क्वचितच पाहावयास मिळतो.

या गाठीतून वाट काढण्यात एका भारतीयाचे नाव कायमचे जोडले गेले आहे. सुरिंदर सिंग यांनी १९८२ साली इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्ड येथे एका ब्रिटिश स्त्रीशी विवाह केला. १९८३ ते १९८५ ही दोघे जर्मनीत नोकरीला होती. नंतर धंदा काढण्यासाठी इंग्लंडला परतली. पुढे त्यांचे बिनसले आणि ब्रिटिश सरकारने सिंग यांना घालवून देण्याचे ठरविले. प्रकरण लक्झेंबर्गपर्यंत गेले. ७ जुलै १९९२ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, दुसऱ्या सदस्य देशात काम करून मायदेशी परतणाऱ्या नागरिकाच्या जोडीदाराला, परदेशात मिळत होते त्याहून कमी हक्क मायदेशी मिळता कामा नयेत. तसे झाले तर माणूस बाहेर पडावयासच धजणार नाही. तेव्हापासून युरोपभर कायद्याच्या भाषेत या वाटेला सिंग यांचेच नाव आहे. आपल्याकडे कोणाच्या शाळेच्या पुस्तकात हे नाव येत नाही, ही गोष्ट वेगळी.

इंग्लंडचा उल्लेख आला तेव्हा आपल्या बायाबापड्यांनी त्या देशात काय सोसले हेही सांगितले पाहिजे. जानेवारी १९७९ मध्ये लग्नासाठी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरलेल्या एका भारतीय शिक्षिकेची, ती खरोखर अविवाहित आहे काय हे पाहण्यासाठी, कौमार्याची तपासणी करण्यात आली. वर्तमानपत्राने ती बातमी फोडली तेव्हा इकडे संतापाची लाट उठली, आणि असल्या तपासण्या अन्य स्त्रियांच्याही झाल्या होत्या हे पुढे सरकारी कागदांवरून उघड झाले. त्या काळच्या ब्रिटिश नियमांत आणखी एक भेद होता. तेथे राहणाऱ्या पुरुषाला बायको आणणे सोपे होते, स्त्रीला नवरा आणणे कठीण. अब्दुलअझीझ, कबालेस आणि बल्कंदाली या तीन स्त्रियांनी स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली आणि २८ मे १९८५ रोजी त्या जिंकल्या. हा लिंगभेद आहे, असे न्यायालयाने स्पष्ट सांगितले. आता समता आणणे सरकारला भाग होते. ती त्याने कशी आणली? नवऱ्यांवरची बंधने उठविली नाहीत. बायकांवरही तीच घातली! लग्नाचा ‘मुख्य हेतू’ देशात शिरणे हा नाही, असे आता दोघांनाही सिद्ध करावे लागू लागले. हा जाच १९९७ साली मजूर पक्षाचे सरकार आल्यावर गेला. समतेचा हा खाली ओढण्याचा प्रकार आपण विसरू नये, कारण त्याची पुनरावृत्ती झाली आणि तिच्या तडाख्यात आपल्या शेजारचा गोमंतक सापडला.

गोव्याची कहाणी मला बोलताना जड जाते. १८ जून १९४६ रोजी मडगावला लोहियांनी सभाबंदी मोडली. १९५५ साली ना. ग. गोरे, सेनापती बापट, मधु लिमये सत्याग्रही म्हणून हद्द ओलांडून गेले, त्यांनी मार खाल्ला, तुरुंग भोगले. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्ता संपली. त्यानंतर काही दशकांनी त्याच गोव्याची मुलेबाळे पोर्तुगीज पारपत्रासाठी लिस्बनला जन्मनोंदी पाठवू लागली. मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना ती वाट पोर्तुगालच्या कायद्याने मोकळी ठेवली आहे. आपले जुने साथी हे ऐकून विषण्ण होत. मी त्या तरुणांना दोष देत नाही. त्यांना पोर्तुगालला जावयाचे नव्हतेच. त्यांना स्विंडन, साउथॉल, हाउन्स्लो येथल्या गोदामांत आणि कारखान्यांत काम हवे होते. खाणी आणि हॉटेले यांच्या पलीकडे ज्यांना रोजगार दिसला नाही त्यांनी सालाझारच्या वारशातून एक तिकीट काढले, एवढेच. त्याची किंमतही त्यांनी मोजली: परक्या देशाचे नागरिकत्व घेतले की आपल्या कायद्याच्या ९व्या कलमान्वये भारतीय नागरिकत्व जाते.

हे गोमंतकीय ब्रिटनमध्ये राहत होते ते ‘युरोपीय नागरिक’ म्हणून. त्यामुळे त्यांच्या भारतीय पारपत्रधारक बायकांना आणि नवऱ्यांना २००४ च्या निर्देशाचा पूर्ण आधार होता. आणि शेजारच्या घरातल्या ब्रिटिश नागरिकाला? जुलै २०१२ पासून त्याला परदेशी जोडीदार आणावयाचा तर वर्षाला किमान १८,६०० पौंडांचे उत्पन्न दाखवावे लागे. म्हणजे एकाच कारखान्यात, एकाच पाळीत, एकाच यंत्रावर काम करणाऱ्या दोघांपैकी परकीय नागरिकाला बायको आणता येई आणि स्वकीयाला येत नसे. हा अन्याय होता यात शंका नाही. तो मिटविण्याचे दोन मार्ग होते. ब्रिटिश कामगारालाही तोच हक्क द्यावयाचा, हा एक; दोघांचाही काढून घ्यावयाचा, हा दुसरा. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघातून बाहेर पडले, त्या वर्षाअखेर संक्रमणकाळ संपला आणि दुसरा मार्ग पुरा झाला. आधीपासून राहणाऱ्यांनी ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करून आपले स्थान टिकविले. त्यांच्यापैकी ज्यांचा विवाह नंतर झाला त्यांना मात्र सामान्यतः ब्रिटनच्या घरगुती नियमांखाली जावे लागते आणि ती उत्पन्नाची अट एप्रिल २०२४ मध्ये २९,००० पौंडांवर नेण्यात आली. ब्रिटिश कामगाराला त्यातून काय मिळाले? त्याची स्वतःची अट दीडपटीहून अधिक वाढली. शेजाऱ्याचे घर मोडून आपले घर उभे राहत नाही, हे त्याला कोणी वेळेवर सांगितले नाही. त्याच्या संघटनांनीही पुरेसे सांगितले नाही, असे मला वाटते.

आता मूळ दोषाकडे येतो. या साऱ्या हक्कांचा पाया एकच आहे: जोडीदार. हक्क बाईचा नाही, तिच्या नवऱ्याच्या बायकोचा आहे. नवरा सोडून गेला तर? निर्देशाच्या १३व्या कलमात त्याची थोडी सोय आहे. विवाह किमान तीन वर्षे टिकला असेल आणि त्यातले एक वर्ष त्या देशात गेले असेल, किंवा घरात छळ झाला असेल, तर घटस्फोटानंतरही वास्तव्य राहू शकते. पण १६ जुलै २०१५ रोजी आयर्लंडमधील कुलदीप सिंग यांच्या प्रकरणात न्यायालयाने असे म्हटले की, युरोपीय जोडीदार घटस्फोटाचा दावा दाखल होण्यापूर्वीच देश सोडून गेला असेल तर मागे राहिलेल्याचा हक्क त्याच क्षणी संपतो. एका सिंगांनी दार उघडले, दुसऱ्या सिंगांवर ते बंद झाले. छळ करणारा नवरा नुसती पेटी उचलून निघून गेला की बायको बेकायदा! छळाच्या प्रकरणांपुरती ही भूमिका न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये बेल्जियमच्या एका खटल्यात सौम्य केली. तोवर कितीजणी गप्प बसून मार खात राहिल्या असतील, याची गणती कोणत्याही कचेरीत नाही.

अमेरिकेत गेलेल्या आपल्या मराठी मुलींची अवस्था याहून वाईट होती. पुण्याची, नाशिकची, जळगावची शिकलेली मुलगी संगणक अभियंत्याची बायको म्हणून तेथे गेली की तिच्या पारपत्रावर आश्रिताचा शिक्का बसे आणि काम करण्यास मनाई. २६ मे २०१५ पासून त्यांतील काहींना कामाचा परवाना मिळू लागला. पण ज्यांच्या नवऱ्यांच्या कायम वास्तव्याचा अर्ज ठराविक टप्प्यापर्यंत पोहोचला आहे त्यांनाच. म्हणजे इथेही तिच्या पोळीची किल्ली त्याच्या मालकाच्या खिशात. मालक, नवरा आणि सरकार अशी ही तिहेरी कुलपे आहेत. काम करण्यास मनाई केली म्हणून बाई काम करीत नाही असे नव्हे. ती शेजाऱ्यांची मुले सांभाळते, डबे करते, शिकवण्या घेते, आणि कागद नसल्यामुळे निम्म्या मोलात करते. ज्यांना वाटते की परदेशी जोडीदाराला कामाचा हक्क दिला तर स्थानिक मजुराची मजुरी पडेल, त्यांनी याचा विचार करावा. मजुरी पाडणारा मजूर कोण असतो? ज्याला तक्रार करता येत नाही तो. हक्काचा कागद हातात असलेला माणूस युनियनमध्ये येतो. नसलेला मुकादमाच्या मागे लपतो. बिगर परवान्याच्या हातांवर कोण गब्बर होते हे आपण मक्तेदारी मजुरीत पाहिलेले आहे.

खोट्या लग्नांचा मुद्दा निघेल, तोही टाळू नये. केवळ कागदासाठी लावलेली लग्ने असतात. निर्देशाच्या ३५व्या कलमाने अशा विवाहाखाली मिळविलेला हक्क काढून घेण्याची मुभा सरकारांना दिली आहे, आणि ती असावी. पण चोर शोधण्याचे काम प्रत्येक नवदांपत्याच्या झोपण्याच्या खोलीत डोकावून करावयाचे काय? बायको कोणत्या कुशीवर झोपते, असले प्रश्न विचारणाऱ्या अधिकाऱ्याला आपण आपल्या उंबऱ्यात उभे करू काय?

हे सगळे दुसऱ्यांच्या घराविषयी झाले. आपल्या घरात काय आहे?

१९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या ५व्या कलमात भारतीय नागरिकाशी विवाह केलेल्या परदेशी ‘स्त्रियांना’ नोंदणीने नागरिकत्व देण्याची तरतूद होती. स्त्रियांना, पुरुषांना नव्हे. आपल्या नाथ पैंच्या पत्नी क्रिस्टल या ऑस्ट्रियाच्या. व्हिएन्नाहून आलेल्या सुनेसाठी तो कायदा दार उघडत होता. पण कोकणातल्या एखाद्या मुलीने व्हिएन्नाच्या तरुणाशी लग्न केले असते तर त्याला त्या दारातून प्रवेश नव्हता. सून आपली, जावई परका, ही घराघरातली समजूत आपण संसदेच्या कायद्यात लिहून ठेवली होती. १९८६ च्या दुरुस्तीने ‘स्त्रिया’ जाऊन ‘व्यक्ती’ हा शब्द आला, त्याबरोबर पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आली. २००३ च्या दुरुस्तीने ती सात वर्षांची झाली. समता आली ती वाट अधिक लांब करून. ब्रिटनच्या १९८५ ची आठवण होते की नाही?

२०१५ पासून परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्ड मिळू शकते, पण विवाहाची नोंदणी झालेली हवी आणि त्याला सलग दोन वर्षे झालेली हवीत. तोवर व्हिसाच्या मुदतवाढीवर राहावयाचे. घटस्फोट झाला की ते कार्ड रद्द करता येते. आपल्याकडे १३व्या कलमासारखी छळाची सवलतही नाही. आणि जी व्यक्ती कधीकाळी पाकिस्तानची किंवा बांगलादेशाची नागरिक होती, किंवा जिचे आईवडील वा आजोबा-आजी होते, तिला हे कार्डच नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला निरपराध पर्यटकांची हत्या झाली. देश संतापला, ते स्वाभाविक होते. सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले. दीर्घ मुदतीचे व्हिसा मात्र वगळले. त्या आठवड्यात अटारीच्या फाटकावर काय दिसले? आईचे पारपत्र एका देशाचे, लेकराचे दुसऱ्या देशाचे, आणि मध्ये लोखंडी दार. ज्यांनी गोळ्या झाडल्या त्यांना व्हिसाची गरज नव्हती. ज्यांना होती त्या सासुरवाशिणी होत्या. हे बोलणे आज लोकांना रुचत नाही, मला ठाऊक आहे. पण अभ्यासवर्गात रुचेल तेवढेच बोलावयाचे असेल तर तो भरविण्याचे कारण काय?

आणि एवढ्या लांब तरी कशाला जावयाचे? रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांच्या माथ्यावर सातपुडा आहे. डोंगराच्या पलीकडे मध्य प्रदेश. पाड्यांमधून सोयरिकी होतात, त्या रेषेला विचारून होत नाहीत. पलीकडची आदिवासी मुलगी इकडे नांदावयास येते. तिचा जातीचा दाखला बापाच्या राज्यातला. सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशप्रकरणी १९९० साली ठरविले आहे की, एका राज्यातील अनुसूचित जमातीची व्यक्ती दुसऱ्या राज्यात गेली की तेथे तिला त्या सवलती आपोआप मिळत नाहीत. म्हणजे तीच मुलगी, तोच डोंगर, तीच बोली, आणि डोंगर उतरताच ती आदिवासी राहिली नाही! रेशनकार्डातून तिचे नाव माहेरी कमी झाल्याचा दाखला येईपर्यंत सासरच्या कार्डात ते चढत नाही. जर्मनीतील त्या कचेरीवर मी टीका केली. आपल्या तहसिलीतील खिडकीपाशी उभे राहिल्यावर ती टीका थोडी मवाळ करावीशी वाटते.

म्हणून माझी मागणी एवढीच नाही की नानांच्या मुलीला कार्ड लवकर मिळावे. जोडीदाराच्या वास्तव्याचा आणि कामाचा हक्क विवाहाच्या दिवसापासून मिळावा, तो त्या व्यक्तीच्या स्वतःच्या नावावर असावा, आणि नवरा किंवा बायको निघून गेली म्हणून तो जाऊ नये. हे आपण युरोपकडे, अमेरिकेकडे मागतो तर दिल्लीकडेही मागितले पाहिजे. पक्षाच्या पुढच्या अधिवेशनात या अर्थाचा ठराव मांडावा, असे मी सुचवितो. त्यात ओसीआय कार्ड घटस्फोटाने रद्द करणाऱ्या तरतुदीचा आणि राज्यसीमा ओलांडून आलेल्या आदिवासी स्त्रियांच्या दाखल्यांचा उल्लेख नावानिशी असावा. मोघम ठरावांना कोणी घाबरत नाही.

ठराव होईल तेव्हा होईल. दरम्यान एक लहान काम आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करण्यास सांगितले, महाराष्ट्राचा नोंदणीचा कायदा तर १९९८ चा आहे. तरीही आपल्या प्रभागात अनेक लग्नांची नोंद नसते. लग्नपत्रिका आणि हळदीचे फोटो परदेशातील कचेरीत चालत नाहीत. तेथे नोंदणीचा दाखला लागतो, अनेक देशांत त्यावर परराष्ट्र खात्याचा अपोस्टिलचा शिक्का लागतो, आणि त्या देशाच्या भाषेत अधिकृत भाषांतर लागते. नानांच्या पिशवीत पत्रिका होती, फोटो होते, दाखला नव्हता. लग्न लागले तेव्हा कोणाला तो हवासा वाटला नाही. तो मिळविण्यासाठी अर्ज तयार केला आहे. लग्नाला हजर असलेले तीन साक्षीदार लागतात, त्यांपैकी दोन मिळाले आहेत. तिसरा साक्षीदार धुळ्याला राहतो. आपल्यापैकी कोणी या आठवड्यात धुळ्याला जाणार असेल तर सभा संपल्यावर मला भेटावे. आणि ज्यांच्या घरी गेल्या दहा वर्षांत लग्न झाले आहे व नोंद झालेली नाही, त्यांनी येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आधारकार्ड, वयाचा पुरावा आणि पत्रिका घेऊन याच जागी यावे. अर्ज भरून देण्यास दोन कार्यकर्ते बसतील.